मान कुणाच्या हातात? सेफ्टी रेझरचा इतिहास आणि माझा एक छोटा निर्णय

नेहमीप्रमाणे चेन्नईहून बोलतोय.

मागच्या भागांत आपण किल्ले, तोफा, लढाया यांच्याबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून काही जण हसतील, कारण आज मी दाढीच्या रेझरबद्दल बोलणार आहे. पण शेवटपर्यंत थांबा. या दोन बोटांच्या लोखंडी तुकड्यामागे सातारा आहे, मुंबई आहे, पहिलं महायुद्ध आहे आणि आमच्या चेन्नईतला एक पूलही आहे.

माझ्यासमोर टेबलावर दोन रेझर ठेवलेत. डावीकडचा प्लॅस्टिकच्या मुठीचा, पाच पात्यांच्या कार्ट्रिजचा. गेली कित्येक वर्षं मी हाच वापरतो. उजवीकडचा पितळेचा, तीन भागांचा सेफ्टी रेझर. वरची टोपी, मधली दात्यांची पट्टी आणि खाली दांडा. ब्लेड मध्ये ठेवायचं आणि दांडा पिळून घट्ट करायचा. त्याचं निकेल बरंच उडालंय. हा मी १९८३ साली इथेच, तेव्हाच्या मद्रासमध्ये घेतला होता. प्रश्न असा आहे की डावीकडचा सोडून पुन्हा उजवीकडच्याकडे जायचं का?

कारणं दोन. पहिलं म्हणजे माझ्या गळ्यावर सारख्या पुळ्या येतात. चेन्नईची दमट हवा आणि घाम आहेच, पण त्वचेच्या डॉक्टरांनी तपासून विचारलं, "सर, पाच पाती कशासाठी? एक पुरेल." दुसरं कारण नेमकं उलट दिशेला ओढणारं आहे. दोन वर्षांपासून माझा उजवा हात थरथरतो. चहाचा कप बशीवर ठेवताना वाजतो. मेंदूविकारतज्ज्ञांनी सांगितलं की हे पार्किन्सन नाही, वयाबरोबर अनेकांना येणारा कंप आहे, घाबरण्यासारखं काही नाही. मी घाबरलो नाही. पण ज्या हातानं तोफखान्यात नकाशावर बारीक रेघा मारल्या, तो हात आता गळ्यावर उघडं पातं चालवू शकेल का, हा प्रश्न मनात बसला.

घरात एकमत नाही. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आता या वयात ब्लेड हातात घेणार? काही व्हायचं झालं तर?" पुण्याहून मुलगा म्हणाला, "बाबा, ट्रिमर घ्या आणि विषय संपवा."

सैन्यात अशा वेळी 'अप्रिसिएशन' लिहायला शिकवतात. आधी उद्देश, मग परिस्थितीतले घटक, मग उपलब्ध मार्ग आणि शेवटी निर्णय. मी कागद घेतला आणि घटक लिहू लागलो. पहिल्याच घटकाला मी इतिहासात शिरलो, आणि तिथून हा आजचा भाग तयार झाला.

वस्तरा दुसऱ्याच्या हातात

माझं गाव सातारा जिल्ह्यातलं. माझ्या लहानपणी आजोबांची दाढी करायला न्हावी घरी यायचे. बगलेत धोकटी, त्यात वस्तरा, कात्री, वाटी, तुरटीचा खडा आणि छोटा आरसा. आजोबा ओट्यावर मांडी घालून बसायचे. रोख पैसे नसत. सुगीला बलुतं म्हणून धान्य जायचं. गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांत न्हावी एक. लग्नकार्य असो की सुतक, त्यांच्यावाचून अडायचं.

जरा विचार करा. गावातला सगळ्यात ताकदवान माणूसही आठवड्यातून एक-दोनदा डोकं मागे टाकून आपला गळा दुसऱ्या माणसाच्या उघड्या पात्याखाली द्यायचा. विश्वासाशिवाय हे होत नाही. आपल्या इतिहासात नाभिक समाजातली दोन नावं नेमकी या विश्वासाचीच आहेत. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा वार महाराजांवर येत असताना मध्ये पडलेले जिवा महाला. आणि १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटत असताना त्यांचा वेश घेऊन पालखीत बसलेले, मरण ठाऊक असूनही बसलेले शिवा काशीद. माझ्यासारख्या सैनिकाला ही दोन नावं घेताना आजही ताठ उभं राहावंसं वाटतं.

पण या व्यवस्थेला दुसरी बाजू होती आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. वस्तरा दुसऱ्याच्या हातात असला की 'तुझी करणार नाही' असं म्हणण्याची सत्ताही तिथेच जाते. आणि ती सत्ता एकट्या न्हाव्याची नसते, त्याच्यामागे उभ्या असलेल्या गावाची असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं लहानपण साताऱ्यात गेलं. वडील रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. म्हणजे सरकारी पेन्शन असलेलं, शिस्तीचं फौजी घर. साताऱ्यात न्हावी कमी नव्हते आणि या घराकडे द्यायला पैसेही होते. तरीही अस्पृश्य म्हणून या घरातल्या कुणाच्याही केसांना न्हावी हात लावत नसे. मग घरातल्या मुलांचे केस थोरली बहीण कापायची आणि करून करून ती त्यात तरबेज झाली होती. हे बाबासाहेबांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. मी साताऱ्याचा. शाळेत असताना मला हे कुणी सांगितलं नाही, पुढे नोकरीत असताना वाचलं. ज्या सुभेदारानं सरकारची आयुष्यभर चाकरी केली, त्याच्या पोरांना गावात न्हावी मिळत नव्हता. एक फौजी म्हणून ते वाचताना मला लाज वाटली.

गांधीजींनाही याचा अनुभव दक्षिण आफ्रिकेत आला. प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्यानं त्यांचे केस कापायला नकार दिला. त्यांनी कात्री-मशीन विकत घेतलं आणि आरशासमोर उभं राहून आपले केस आपणच कापले. पुढचे जमले, मागचे बिघडले. कोर्टात मित्रांनी चेष्टा केली की उंदरांनी कुरतडले का म्हणून. पण गांधीजींनी त्या न्हाव्यालाही फार दोष दिला नाही. आपण आपल्या देशात आपल्याच माणसांना न्हावी मिळू देत नाही, त्याचं हे फळ आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता याच हातानं दिलेल्या नकाराचा एक उजळ प्रसंग. साल १८९०, मुंबई. तेव्हा अनेक उच्चवर्णीय घरांत नवरा वारला की बाईचं केशवपन करायचे, आणि वस्तरा अर्थात न्हाव्याच्या हातात असायचा. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा भरवली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असं ठरवलं. शास्त्रार्थाचा काथ्याकूट करणाऱ्यांना जे जमलं नव्हतं, ते या माणसांनी हत्यार खाली ठेवून करून दाखवलं. हेच लोखंडे गिरणी कामगारांचे पुढारी. गिरणीत रविवारची सुट्टी मिळावी म्हणून ते लढले आणि ती सुट्टीही १८९० मध्येच मिळाली. रविवारी सकाळी निवांत दाढी करताना आपण त्यांना एकदा आठवायला हरकत नाही.

तर माझ्या कागदावरचा पहिला घटक हा असा झाला. रेझरच्या इतिहासात धार किती यापेक्षा पातं कुणाच्या हातात आहे हे महत्त्वाचं.

पातं स्वतःच्या हातात

युरोपात यावर पहिला विचार केला तो एका फ्रेंच चाकूवाल्यानं. झाँ-झाक पेरे त्याचं नाव. त्यानं वस्तऱ्याला लाकडाची आडकाठी बसवली, म्हणजे पातं ठरावीक खोलीपलीकडे जाणार नाही. १७६९ मध्ये त्यानं एक पुस्तकही काढलं. त्याच्या नावाचा अर्थ ध्यानात घ्या: स्वतःची दाढी स्वतः करायला शिकण्याची कला. दाढी स्वतः करणं ही तेव्हा शिकायची, पुस्तक लिहावं अशी गोष्ट होती.

पुढे १८४७ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम हेन्सननं मुठीला काटकोनात पातं बसवलं, कुदळीसारखं. आज आपण ज्याला रेझरचा आकार म्हणतो तो हाच. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या कॅम्फे बंधूंनी पेटंट घेतलं आणि 'सेफ्टी रेझर' हे नाव रूढ झालं. पण या सगळ्यांत एक अडचण राहिली. पातं जाड होतं आणि त्याला वरचेवर धार लावावी लागायची. ते कसब सगळ्यांकडे नसतं.

इथे किंग कॅम्प जिलेट येतो. हा फिरता विक्रेता होता. बाटल्यांची पत्र्याची बुचं बनवणाऱ्या कंपनीत काम करायचा. त्या बुचाचा शोध लावणाऱ्या विल्यम पेंटरनं त्याला सल्ला दिला की लोक एकदा वापरून फेकतील आणि पुन्हा घ्यायला येतील असं काहीतरी शोध. १८९५ मध्ये दाढी करताना जिलेटच्या मनात आलं, धार लावायचीच कशाला? पातळ पत्र्याचं दुधारी पातं करू, बोथट झालं की फेकू. जाणकार म्हणाले, इतक्या पातळ पोलादाला कडकपणा आणि धार देता येणार नाही. विल्यम निकरसन या अभियंत्यानं ते जमवून दाखवलं. १९०३ मध्ये कंपनीनं विकले फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेड. पुढच्याच वर्षी रेझरांची विक्री नव्वद हजारांवर गेली आणि नोव्हेंबर १९०४ मध्ये पेटंट मिळालं.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण व्यवस्थापनाच्या वर्गात तो हमखास शिकवतात. 'जिलेटनं रेझर फुकट वाटले आणि ब्लेडवर पैसा कमावला.' तसं झालेलं नाही. पेटंट होतं तोवर त्याचा रेझर पाच डॉलरला होता आणि त्या काळी ती मोठी रक्कम होती. १९२१ मध्ये पेटंट संपलं, बाजारात नकला येणार हे दिसलं, तेव्हा कंपनीनं जुन्या पद्धतीचा रेझर एक डॉलरवर आणला. मूठ स्वस्त आणि पाती महाग, हा खेळ नंतरचा. मराठीत याला सुंदर शब्द आहे, बिनपाण्यानं हजामत. पण तो सुरू झाला कसा, त्याकडे नंतर येतो.

युद्ध आणि हनुवटी

रेझर घराघरात नेला युद्धानं. ब्रिटिश सैन्यात ओठावरच्या मिशा काढायला बंदी होती. १९१६ मध्ये जनरल नेव्हिल मॅक्रेडींच्या सहीनं ती बंदी उठली. त्याआधी वर्षभर, एप्रिल १९१५ मध्ये, बेल्जियमच्या ईप्र इथे जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला होता. काही दिवसांत आपली लाहोर डिव्हिजनही त्याच आघाडीवर उतरली आणि वायूचा मारा आपल्या जवानांनीही सोसला. वायूपासून वाचवणारा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगाचा. दाढीचे खुंट मध्ये आले की फट राहते. खंदकात प्रत्येकाला रोज न्हावी कुठून मिळणार? १९१८ मध्ये अमेरिकी सरकारनं आपल्या सैन्यासाठी सुमारे ३५ लाख रेझर आणि तीन कोटींहून जास्त ब्लेड घेतली. युद्ध संपल्यावर ते रेझर आणि ती सवय घेऊन लाखो तरुण घरी गेले.

आणखी एक फौजी नाव सांगतो. लेफ्टनंट कर्नल जेकब शिक. अमेरिकी सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यानं १९२६ मध्ये रायफलीच्या मॅगझिनसारखी ब्लेड आत भरता येतील असा रेझर विकायला काढला आणि १९३१ मध्ये विजेवरचा कोरडा रेझर. माझा मुलगा ज्या ट्रिमरची शिफारस करतो, त्याचा पूर्वज एका निवृत्त कर्नलनंच आणला. तेव्हा निवृत्त माणसं दाढीवर फार विचार करतात ही तक्रार जुनीच असणार.

आता माझी गोष्ट. १९६२ च्या चीन युद्धानंतर अधिकाऱ्यांची तातडीनं गरज होती. म्हणून १९६३ मध्ये मद्रासला सेंट थॉमस माउंटजवळ ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल सुरू झालं. १९८८ पासून त्याला अकादमी म्हणतात. बी.ए. करून १९८३ मध्ये मी तिथे दाखल झालो. पहिल्या आठवड्यात कॅन्टीनमधून हा पितळी रेझर घेतला. पहाटे साडेचारला अंधुक दिव्याखाली दहा-बारा कॅडेट एका आरशासमोर. मी घाईत जोर दिला आणि हनुवटीखाली कापलं. फॉल-इनला उस्तादांनी गळ्यावरचा कागदाचा चिकटवलेला तुकडा पाहिला आणि म्हणाले, "साहब, रेझर को अपना काम करने दो. आप सिर्फ पकड़ो." त्याच दुपारी त्यांनी समजावून सांगितलं. दांडा गालापासून साधारण तीस अंशांवर, दाब शून्य, वजन रेझरचं, तुम्ही फक्त दिशा द्यायची. उस्ताद शिकले होते किती, मला माहीत नाही. पण पेरेच्या पुस्तकाचा सारांश त्यांनी दोन वाक्यांत दिला होता.

ब्लेड तेव्हा आपल्याकडचीच मिळायची. मल्होत्रा कुटुंबाच्या कारखान्यांनी कोलकात्यापासून ठाण्यापर्यंत ब्लेडचा उद्योग उभा केला. त्यांची टोपाझ, सुपर-मॅक्स ही नावं आज परदेशातले हौशी लोक शोधून मागवतात.

या रेझरची एक आठवण मी आजवर या मालिकेत सांगितलेली नाही. १९९६ मध्ये वडिलांना अर्धांगवायू झाला. मी रजा घेऊन गावी गेलो. वडील आयुष्यभर स्वतःची दाढी स्वतः करायचे, आजारपणातही न्हाव्याला बोलावू द्यायचे नाहीत. आता उजवा हात उठत नव्हता. गालावर पांढरे खुंट वाढले होते आणि त्याचा त्यांना आजारापेक्षा जास्त त्रास होत होता. मी गरम पाणी घेतलं, फेस केला आणि याच रेझरनं त्यांची दाढी केली. दुसऱ्याच्या गालावर हा रेझर चालवणं फार अवघड, कोन सापडत नाही. एकदा थोडं रक्त आलं. त्यांनी डोळे मिटूनच, अडखळत सांगितलं, "हात हलका ठेव." रजेचे वीस दिवस मी रोज दाढी केली. आमच्यात फार बोलणं कधीच नव्हतं. त्या वीस दिवसांत बहुधा सगळ्यात जास्त बोलणं झालं.

त्यानंतर मी कार्ट्रिजकडे वळलो. कुणी विचारलं तर सांगायचो, वेळ वाचतो. खरं कारण आज सांगून टाकतो. तो रेझर हातात घेतला की वडिलांचा गाल आठवायचा.

हातातून पुन्हा काढून घेतलं

कार्ट्रिजचा इतिहास छोटा आहे. १९७१ मध्ये दोन पाती आली, १९९८ मध्ये तीन, २००६ मध्ये पाच. युक्ती अशी की पहिलं पातं केस थोडा ओढून कापतं आणि तो परत आत सरकण्याआधी मागचं पातं आणखी खालून कापतं. गाल गुळगुळीत लागतो. पण केसाचं टोक त्वचेच्या खाली राहिलं आणि केस वाकडा असला की तो वाढताना त्वचेतच शिरतो आणि पुळी येते. माझ्या गळ्यावर हेच चाललं होतं.

शिवाय डोकं चारी बाजूंनी फिरतं, त्यामुळे कोन तुम्हाला सांभाळावा लागत नाही. म्हणजे शिकायचं काही उरत नाही. त्या न शिकण्याची किंमत आपण दर महिन्याला भरतो. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात पाच पात्यांचं एक कार्ट्रिज दोनशे रुपयांच्या वर आहे आणि एक दुधारी ब्लेड पाच रुपयांच्या आत. मघाशी म्हटलेली बिनपाण्याची हजामत ती ही.

पाण्यावरून एक खरी हकीकत. भारतासाठी नवा रेझर आणताना जिलेटनं आधी त्याची चाचणी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली. त्यांना आवडला. भारतात मात्र तो चालला नाही, कारण त्या विद्यार्थ्यांच्या बेसिनला वाहता नळ होता आणि इथे कोट्यवधी लोक मगभर पाण्यात दाढी करतात. पात्यांत अडकलेले केस निघेनात. मग त्यांची माणसं इथे येऊन लोकांच्या घरी बसली, पाहिलं आणि २०१० मध्ये एकाच पात्याचा पंधरा रुपयांचा रेझर आणला. तो चालला.

ही हकीकत मला २०१९ च्या उन्हाळ्यात पटली. चेन्नईचे तलाव आटले, नळ कोरडे पडले, आमच्या इमारतीत टँकरची वाट पाहत रांगा लागल्या. दाढीला एक मग पाणी. पाच पात्यांत फेस आणि केस असे गच्च बसायचे की अर्धा मग ते धुण्यातच जायचा. सेफ्टी रेझरचा दांडा सैल केला की सगळं एका बुडवणीत निघतं. तेव्हाच बदलायला हवं होतं. बदललं नाही.

खालचं सलून

आता तिसरा मार्ग, सलून. आमच्या इमारतीखाली एक छोटं सलून आहे. चालवणाऱ्यांना मी अण्णा म्हणतो, ते मला सार म्हणतात. माझ्या तमिळला ते मनापासून हसतात. ते वस्तऱ्याच्या आकाराचाच दांडा वापरतात, पण त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड मोडून घालतात, आणि पाकीट तुमच्यासमोर फाडतात. ही पद्धत आज आपल्याला साधी वाटते. तिच्यामागेही चेन्नईतलं एक मराठी नाव आहे.

डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. मद्रास मेडिकल कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. १९८६ मध्ये त्यांनी आपल्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांच्याकडून रक्ताचे नमुने गोळा करवले आणि त्या तपासणीतून भारतात एचआयव्ही आल्याचं पहिल्यांदा सिद्ध झालं. 'हा आजार आपल्याकडे येणारच नाही' असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. पुढे रक्त, सुया आणि पाती यांच्याबद्दल देशभर जागृती झाली आणि सलूनमध्ये 'नवीन ब्लेड लावा' हे वाक्य आपल्या तोंडी बसलं. डॉ. सॉलोमन यांनी वडिलांच्या नावानं संस्था काढून आयुष्यभर या रुग्णांची सेवा केली. २०१५ मध्ये त्या गेल्या आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

निर्णय

कागदावर घटक संपले. निर्णयाच्या आधी तुम्हाला तो पूल दाखवतो.

मैलापूरकडून ट्रिप्लिकेनकडे जाताना बकिंगहॅम कालव्यावर एक पूल लागतो. इंग्रजांनी त्याला नाव दिलं होतं हॅमिल्टन ब्रिज. स्थानिक तमिळ जिभेवर 'हॅमिल्टन'चं झालं 'अंबट्टन'. तमिळमध्ये अंबट्टन म्हणजे न्हावी. मग कुणा साहेबानं लोकांच्या तोंडचं नाव ऐकून त्याचं पुन्हा इंग्रजी भाषांतर केलं आणि पूल झाला 'बार्बर्स ब्रिज'. आज त्याचं नाव आहे आंबेडकर पूल. नावं बदलणाऱ्यांच्या मनात हा संबंध होता की नव्हता, त्याला महत्त्व नाही. पण मी साताऱ्याचा माणूस. त्या पुलावरून जाताना मला ती थोरली बहीण आठवते, हातात कात्री घेतलेली.

स्वतःच्या हातात पातं असणं ही चैनीची किंवा हौसेची गोष्ट नाही, हे मला तिथे कळलं. ज्यांना दुसऱ्याच्या हाताचा भरवसा नव्हता, किंवा ज्यांना तो हात नाकारला गेला, त्यांना ते शिकावंच लागलं. मला तर सगळं सहज मिळालं होतं, आणि एका आठवणीला भिऊन मी ते पंचवीस-तीस वर्षं कपाटात ठेवलं.

महिन्याभरापूर्वी मी रेझर बाहेर काढला. चिंच-मिठानं घासला. पहिल्या दिवशी कोपर बेसिनच्या कडेवर टेकवलं, डाव्या हाताच्या दोन बोटांनी उजव्या मनगटाला आधार दिला. डॉक्टरांना विचारूनच हे केलं. रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय मुळीच करू नये. केसांच्या दिशेनं एकच फेरा, उलटा नाही. दुसरा फेरा हवाच असेल तर पुन्हा साबण लावून. शेवटी तुरटी. हात थरथरला. पण रेझर जड असल्यामुळे त्याच्या वजनानं हात थोडा स्थिरावतो, ही गोष्ट मला अपेक्षित नव्हती. पहिल्या आठवड्यात दोनदा कापलं, दुसऱ्यात एकदा. गळ्यावरच्या पुळ्या निम्म्याहून कमी झाल्या. वापरलेली ब्लेड एका जुन्या डब्याला फट पाडून त्यात टाकतो, कचऱ्यात मोकळी टाकत नाही, कारण तो कचरा कुणीतरी हातानं निवडतो.

म्हणजे निर्णय असा. सेफ्टी रेझर रोजचा. पण ज्या दिवशी कप बशीवर जास्त वाजेल, त्या दिवशी हट्ट करायचा नाही. खाली अण्णांकडे जायचं, डोकं मागे टाकायचं आणि डोळे मिटायचे. गेल्या गुरुवारी गेलो होतो. अण्णांनी पाकीट फाडलं, ब्लेड मोडलं आणि गळ्याशी हात आणला. मी सवयीनं मराठीतच म्हणालो, "हात हलका ठेवा." त्यांना शब्द कळला नसेल. पण हात त्यांचा आधीपासूनच हलका होता.

सौभाग्यवतींना हा तोडगा मान्य आहे. मुलगा अजून ट्रिमरवर ठाम आहे.

तुमच्याही घरी आजोबांचा किंवा वडिलांचा असा एखादा रेझर असेल, तर शोधा. वापरा असं मी म्हणत नाही, पण तो कुणाच्या हातात होता, एवढं घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा. उत्तर देणारं कुणी आहे तोवर विचारा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.